सरांच्या गळ्यात माईक की बाकावर फोन?

कानात मशीन घालून मेकॅनिकलची चार वर्षं काढली. पहिली दोन फोनवरच्या अक्षरांच्या भरवशावर, पुढची दोन सरांच्या गळ्यात अडकवायच्या, माझ्या मशीनशी जोडलेल्या वायरलेस माईकवर. दोघांशीही संसार झालाय, म्हणून हे लिहितोय.

एक आधीच सांगतो. माझ्या दोन्ही कानांचा ऐकण्यातला तोटा ६० ते ७० डेसिबलमधला, म्हणजे दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या भाषेत मी 'कमी ऐकू येणारा'. ज्यांची भाषाच खुणांची आहे त्यांना वर्गात दुभाषा लागतो आणि तो कॉलेजकडे हक्कानं मागावा. त्यांची गरज ना फोन भागवेल, ना माईक.

फोनवर मी लाइव्ह ट्रान्सक्राइब वापरायचो. बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारं, गूगलनं २०१९ मध्ये आणलेलं अ‍ॅप, वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या मदतीनं केलेलं. फुकट आहे, मराठी कळतं, कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या बाकावर कंपासपेटीला फोन टेकवला की झालं. मॅनेजमेंटच्या मॅडम एका लयीत बोलायच्या, त्यांचा तास तर मी पेपर वाचावा तसा वाचायचो. सर मराठीत सुरू होऊन इंग्रजीत संपायचे तेव्हा मात्र गंमत व्हायची. 'शिअर फोर्स'चा एकदा 'शेर फोर्स' झाला आणि आमच्या बाकावर तो वर्षभर शेरच राहिला. अशा चुका अंदाजानं भरून काढता येतात. त्यासाठी मी फोन सोडला नसता.

सोडला तो फळ्यापायी. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे सर बीम काढायचे, त्यावर बाण काढायचे आणि समीकरण सोडवत बोलायचे. माझ्या पडद्यावर यायचं: 'हे इकडून आलं, हे उडालं, मग उरलं काय? हेच ना?' अक्षर न् अक्षर बरोबर! पण 'हे' म्हणजे काय ते फळ्यावर, आणि माझे डोळे फोनवर. शब्द उमटायला क्षणभर उशीर, तो वाचायला आणखी क्षणभर. मान वर करावी तर सर पुढच्या ओळीवर, नाहीतर हातात डस्टर. ओठ वाचावेत तर त्यांची पाठ वर्गाकडे. डोळे दोन आणि बघायच्या जागा चार: फळा, फोन, ओठ, वही. दुसऱ्या वर्षी याच विषयात केटी लागली, म्हणजे नापास झालो. दोष सगळा फोनचा म्हणणार नाही, अभ्यासही बेताचाच होता. पण संध्याकाळी मान दुखायची ती अभ्यासानं नव्हे.

माईकनं डोळे मोकळे केले. तत्त्व साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. माईक तोंडापासून वीतभर असला की सर पाठ फिरवून बोलले तरी आवाज थेट मशीनमध्ये येतो, पंख्याची घरघर मागे पडते. पहिल्या दिवशी 'हे उडालं' ऐकलं, त्याच क्षणी फळ्यावर खडूची काट दिसली. आता हसू येतं, पण तेव्हा घशाशी आलं होतं.

त्रास त्याचेही आहेत. किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. मी जुना घेतला, तोही आधी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्यांकडे, माझ्या मशीनशी जुळतो का ते बघून, कारण कुठलाही माईक कुठल्याही मशीनला चालत नाही. रोज उठून 'सर, माईक' म्हणायला पहिला महिना जीव जड व्हायचा. मॅडमच्या मंगळसूत्राचे मणी माईकला घासले की कानात गारपीट. एक सर तो न काढताच बाहेर गेले आणि त्यांच्या गृहकर्जाचा हप्ता मला ते जिन्यापर्यंत जाईस्तोवर ऐकू आला. मागच्या बाकावरचा प्रश्न तर माईकला कळतच नाही. सरांनी तो पुन्हा म्हटला तर ठीक, नाहीतर उत्तर नुसतंच हवेत.

म्हणून फोन पूर्ण सुटला नाही. ग्रुप प्रोजेक्टच्या गप्पांत चौघं एकदम बोलतात, तिथे एका गळ्यातला माईक काय करणार? तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक अनोळखी, त्यांच्या गळ्यात काही अडकवायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही. तिथे फोनच. भाषा, इतिहास, कायदा असं बोलण्यावर चालणारं शिकायचं असेल तर कदाचित त्यावरच भागेल, उगाच खर्चात पडू नका. पण विषय फळ्यावर घडत असेल, तर मी आधी माईकसाठी पैसे साठवेन.

घ्यायच्या आधी ऑडिओलॉजिस्टकडून चार दिवस वापरायला मिळतो का विचारा. मिळाला तर सगळ्यात झपाट्यानं फळा पुसणारे जे सर असतील, त्यांच्याच तासाला न्या.