मंडळाचं नाटक: संगीत की फार्स?

गणपतीतल्या नाटकावरून इंदूरच्या आमच्या मंडळात दरवर्षी हाच वाद रंगतो. दुसऱ्या मंडळांचे लोकही विचारतात, म्हणून एकदा लिहून टाकतो. भडकपणा दोन्हीकडे आहे. संगीत नाटकात माणूस रागावला तरी गातो आणि 'निघतो आता' म्हणून आणखी एक पद म्हणतो. फार्समध्ये एक थाप लपवायला दुसरी, दुसरी लपवायला कपाटात माणूस. ज्यांना संयत, वास्तववादी काही करायचंय त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

संगीतात खरी पंचाईत गाणाऱ्या नटांची. ज्याचा गळा तयार तो पन्नाशी ओलांडलेला, ज्याला मुकुट शोभतो त्याला सूर सापडत नाही. तरी गंमत अशी की पोट सुटलेला अर्जुनही पहिल्या आलापाला खपून जातो. वन्समोअर आला की नाटक उघड उघड थांबतं, पद पुन्हा होतं, आणि गोष्ट होती तिथून पुढे निघते. ताना मात्र आवरायला सांगा. १९११च्या 'मानापमाना'तल्या गोविंदराव टेंब्यांच्या चाली पेलायला तयारीचा गवई लागतो. किर्लोस्कर-देवलांची पदं हौशी गळ्याला त्यामानाने सोसतात.

फार्स स्वस्त पडतो. एक दिवाणखाना, तीन दारं, कुणाच्या तरी घरचा सोफा. इंग्रजी शाळेतली, घरीही निम्मी हिंदी बोलणारी आमची पोरं खदखदून हसतात. नाट्यपदं त्यांच्या डोक्यावरून जातात. एवढ्यावर निकाल लागायला हरकत नव्हती. माझ्यापुरता तो उलटा लागला, त्याला कारण पोहे-जलेबी.

इंदुरात रंगमंचावरून कुणी पोहे-जलेबी, किंवा सराफा, छप्पन या इथल्या खाऊगल्ल्यांचं नाव घेतलं की हशा ठरलेला. आमचा हौशी नट असो की मुंबई-पुण्याहून आलेला, मोह सुटत नाही. एक वाक्य पदरचं टाकलं, हशा पिकला, की लगेच दुसरं. आमच्या प्रयोगात मी दाराआड उभा, हात कडीवर, कान क्यूकडे. नायक सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसापर्यंत पोचला, माझा क्यू काही येईना. शेवटी पलीकडच्या विंगेतून बायकोचं काम करणाऱ्या वहिनी वैतागून आधीच आत शिरल्या, आणि जिच्यापासून लपायचं तिच्या देखत मी कपाटात जाऊन बसलो! लोक हसले, पोट धरून हसले. पण पुढचा अर्धा अंक कपाटात कोण आहे या प्रश्नावर उभा होता, तो तिथेच आडवा झाला. बबन प्रभूंचा फार्स वाचून बघा, वरून धुमाकूळ आणि आत घड्याळ. त्यात हात घातला की काटे अडकलेच. ताला-सुरात बांधलेल्या पदात मात्र सराफा घुसवायला जागा नसते.

तुमचा दिग्दर्शक कडक असेल, नट संहितेला धरून राहणारे असतील, तर फार्स जरूर करा. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. आमच्याकडे तरी हे जमलेलं नाही.

इंदूरकरांना 'शारदा' करायला निमित्तही आहे: देवलांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली इथेच झाला. त्यातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ कितीही भडक रंगवा, शोभून दिसतो. आणि कमिटीत दोन तट पडलेच तर देवलांचंच 'संशयकल्लोळ' काढा. मोलियरच्या प्रहसनावरून इंग्रजीमार्गे आलेलं. तसबिरीवरून उठलेला गैरसमज, फाल्गुनरावांचा संशय, फार्सचा सगळा मसाला, शिवाय पदं.

फक्त नाटकाच्याही आधी ऑर्गनवाला पक्का करा. आमच्या ओळखीत एकच आहेत, आणि गणपतीत त्यांना सगळी मंडळं ओढतात.