पीएचपी अपग्रेडच्या नावाखाली गंडा

लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. सोयाबीन-तुरीचे भाव आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या दिसाव्यात म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर एक साइट चालवतो. साइटचा कोड पीएचपी या भाषेत आहे, आणि ती पीएचपी 5.6 वर होती. या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट 2018 संपतानाच बंद झालेत, म्हणून अपग्रेड करणारा माणूस शोधत होतो. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकजण भेटला. "करतो की साहेब, तासाभराचं काम." 8,000 आगाऊ घेतले आणि रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा देणारा पासवर्ड, मागून घेतला.

थोड्या वेळाने फोन आला. "तुमचा कोड डेटाबेसशी बोलायला जुनं मायएसक्यूएल मॉड्यूल वापरतो, नव्या पीएचपीत त्याला लायसन्स लागतं. 6,500." तेही युपीआयने गेले.

मग त्याने स्क्रीन दाखवली. काळ्या खिडकीत 'पीएचपी डॅश व्ही' हा आवृत्ती विचारणारा आदेश टाइप केला, खाली 8.2 उमटलं. साइट उघडली, सगळं जिथल्या तिथं. वर म्हणतो, "बघा, एक पान हललं नाही!"

नांदेडला इंजिनीअरिंग करणारा भाचा दिवाळीला आला होता. त्याने पीएचपीइन्फोची, म्हणजे पीएचपीची सगळी माहिती दाखवणारी, एका ओळीची फाइल साइटच्या फोल्डरमध्ये टाकून ब्राउझरमध्ये उघडली. वरच ठळक अक्षरात 5.6.40. काळ्या खिडकीतलं पीएचपी वेगळं आणि अपाचे, म्हणजे ब्राउझरला पानं पाठवणारा प्रोग्राम, साइटसाठी वापरतो ते वेगळं. दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदतात. गड्याने फक्त पहिलं टाकलं होतं.

"मामा, साइट चालतेय हाच पुरावा आहे की काही बदललं नाही," भाचा म्हणाला. ती जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स 2015 मध्ये आलेल्या 7.0 मधूनच काढून टाकलीत. खरंच 8.2 चढलं असतं तर पहिल्याच पानावर 'अनडिफाइन्ड फंक्शन' म्हणून साइट आडवी झाली असती. आणि लायसन्स कसलं? पीएचपी फुकट, जुन्याच्या जागी वापरायचं मायएसक्यूएलआय मॉड्यूलही फुकट. पैसे लागतात ते कोड बदलून लिहिणाऱ्याच्या मेहनतीचे, आणि ते द्यावेत.

याहून वाईट पुढेच होतं. रूटच्या एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सोय) फोल्डरमध्ये, ज्यांनी पासवर्डशिवाय आत येता येतं त्या चाव्यांच्या फाइलीत, एक अनोळखी ओळ सापडली. म्हणजे पासवर्ड बदलूनही पठ्ठ्याला दार उघडंच! आम्ही जपून ठेवलेला डेटाबेस घेऊन नवा सर्व्हरच उभा केला. 1930 वर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

कुणाकडून असं काम करून घेणार असाल तर रूट देऊ नका, वेगळा युजर काढून द्या आणि काम झालं की तो बंद करा. आधी साइटची प्रत काढून तिच्यावर अपग्रेड करायला लावा. आवृत्ती ब्राउझरमधूनच तपासा. त्या पानावर 'सर्व्हर एपीआय' अशी ओळ असते. तिथे अपाचे किंवा एफपीएम (साइटसाठी पीएचपी चालवायची दुसरी पद्धत) दिसतं, म्हणजे आकडा साइटचाच आहे हे कळतं. बघून झालं की ती फाइल लगेच उडवा, नाहीतर सर्व्हरची सगळी कुंडली कुणालाही वाचता येते.