तृतीयपंथी, ट्रान्स की नॉन-बायनरी: स्वतःसाठी शब्द निवडताना

स्वतःच्या लिंगभावासाठी शब्द शोधणाऱ्या मराठी माणसापुढे आज साधारणपणे तीन पर्याय असतात: ‘तृतीयपंथी’, ‘ट्रान्स स्त्री’ (जन्मतः मुलगा मानली गेलेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती) किंवा याच्या उलट ‘ट्रान्स पुरुष’, आणि ‘नॉन-बायनरी’. हा शब्द कोणापुढे उच्चारायचा आहे, हे आधी ठरवले तर निवड सोपी होते, असे मला वाटते.

‘तृतीयपंथी’ हा शब्द वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत रुळलेला आहे. घरातल्या आजीलाही तो समजावून सांगावा लागत नाही. अडचण मात्र याच ओळखीतून निर्माण होते, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साडी नेसून टाळी वाजवणारी व्यक्तीच उभी राहते, आणि जन्मतः मुलगी मानल्या गेलेल्या पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या माणसाला तो शब्द जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ‘हिजडा’ आणि ‘जोगता’ हे शब्द आणखी निराळे आहेत. पहिल्यामागे घराणे आणि गुरू-चेल्याचे नाते असते, दुसऱ्यामागे यल्लम्माला वाहिलेले आयुष्य. ती नाती ज्याने पत्करलेली नाहीत, त्याने हे शब्द उसने घेऊ नयेत.

‘ट्रान्स स्त्री’ आणि ‘ट्रान्स पुरुष’ या शब्दांतून आपण कोण आहोत हे थेट कळते, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया झालेली असण्याची अट नाही. ‘पारलिंगी’ हा मराठी पर्याय मला अधिक आवडतो. परंतु चळवळीबाहेर तो अजून फारसा कानावर पडत नाही.

‘नॉन-बायनरी’ हा शब्द स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कशातच पूर्णपणे न बसवणाऱ्यांसाठी प्रामाणिक आहे, पण मराठीत खरी कसोटी क्रियापदाची असते. ‘मी’ला लिंग नाही, तरी ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताच ओळख जाहीर होते. वाटा मात्र आहेत: ‘मी येईन’, ‘मला जायचे आहे’, ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यांत बोलणाऱ्याचे लिंग उमटत नाही. दिवसभर असे बोलत राहणे दमवणारे असते, म्हणून शब्द ‘नॉन-बायनरी’ आणि क्रियापद नेहमीचेच, अशी तडजोड करण्यात मला काही गैर दिसत नाही.

कागदपत्रांचा हिशेब वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढे 2019 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याच्या व्याख्येत ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, जेंडरक्वीअर (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारे), किन्नर, हिजडा आणि जोगता यांना एकत्र घेतले गेले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या पहिल्या प्रमाणपत्रावर मात्र ‘ट्रान्सजेंडर’ एवढीच नोंद ठेवली गेली, आणि शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद मागण्याची सोय स्वतंत्र कलमात केली गेली. म्हणजे कागदावरचा शब्द आणि मनातला शब्द एकच असेल असे नाही. अर्ज करण्यापूर्वी कायद्याच्या त्या वेळच्या तरतुदी तपासून घ्याव्यात.

तरीही निर्णय होत नसेल, तर एखाद्या विश्वासू मैत्रिणीशी किंवा मित्राशी काही आठवडे केवळ क्रियापद बदलून बोलून पाहावे. कोणत्या रूपावर जीभ अडखळत नाही ते कळले की ओळखीचा शब्द शोधायला पुष्कळ वेळ आहे.