पणजीतील ओपलचे दुकान आणि खडा दाखवण्याची रीत

मुलीच्या लग्नातल्या लोलकासाठी ओपल पाहायला आम्ही पणजीत १८ जून रस्त्यालगतच्या एका लहान रत्नदुकानात गेलो, तेव्हा किनाऱ्यावरच्या बाजारात पूर्वी घेतलेली अंगठी मनातून जात नव्हती. तिचा खडा वर काच, मध्ये ओपलचा पापुद्रा आणि खाली काळा आधार असा चिकटवलेला निघाला. रोजच्या पाण्याने सांध्यात ओल शिरून तो कडेपासून धुरकटत गेला.

या दुकानात प्रथम सुटेच खडे समोर ठेवले गेले, आणि प्रत्येक खडा आडवा धरून कडेला सरळ जोडरेषा नाही ना, हे आम्हालाच पाहायला सांगितले. मग दिवा मालवून दुकानदार खडे दारातल्या पावसाळी उजेडात घेऊन आले. दिव्याखाली पेटल्यासारखे दिसणारे दोन खडे तिथे अगदी मलूल पडले. तिसऱ्यातली लाल ठिणगी मात्र टिकली. ओपलमध्ये हे रंग रंगद्रव्याचे नसतात. सिलिकाचे सारख्या आकाराचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असले की प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे त्यातले रंग वेगवेगळ्या दिशांना फाकून, रंग उमटतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. लहान गोळ्यांतून निळा-जांभळा मिळतो, लाल रंगाला मोठे गोळे लागतात, म्हणून लाल झळकणाऱ्या खड्याला भाव अधिक.

काळ्या अंगावर रंग सर्वांत उठून दिसतात, पण ऑस्ट्रेलियातील लायटनिंग रिज या खाणगावाचा तसा खडा आमच्या आवाक्यात नव्हता. मेक्सिकोचा केशरी अग्निओपल सुंदर असला तरी त्यात अनेकदा रंगांचा खेळ नसतोच. मन अडकले ते इथिओपियाच्या वेलो ओपलवर, कारण त्याचे रंग भरगच्च आणि दर ऑस्ट्रेलियातल्याच कूबर पेडी या खाणगावाच्या पांढऱ्या ओपलपेक्षा कमी. तेव्हा दुकानदारांनी न विचारता एक वेलो खडा वाटीतल्या पाण्यात टाकला. आम्ही बोलत असताना तो काचेसारखा पारदर्शक झाला आणि त्याचे रंग विरले. वाळल्यावर ते परततात, पण हा खडा पाण्याप्रमाणे तेलही शोषतो, आणि खोबरेल लावलेल्या केसांजवळ, गोव्याच्या घामट हवेत रोज वापरायचा लोलक त्याचा करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भिजलेला खडा वजनात जास्त भरतो, म्हणून कॅरेटचा हिशेब कोरड्या खड्यावरच करून घ्यावा, हेही त्यांच्याकडूनच कळले. स्वस्त माल सहज खपत असताना इतके सांगणारा विक्रेता मला तरी पूर्वी भेटला नव्हता. आम्ही कूबर पेडीचा २.४ कॅरेटचा पांढरा खडा घेतला.

दोन गोष्टी खटकल्या. काचपेटीतले दिवे फार तापतात. ओपलच्या अंगात मुळातच पाणी असते आणि उष्णतेने ते निघून गेले की खड्याला बारीक तडे जातात, तेव्हा ते दिवे बदलायलाच हवेत. शिवाय बिलावर नुसते ‘ओपल, १ नग’ लिहिले होते. नैसर्गिक, अखंड, ऑस्ट्रेलियाचा आणि कोरडे वजन, एवढे आम्ही आग्रहाने लिहून घेतले. त्यांनी ते लगेच लिहून सही-शिक्काही दिला.