कागद कूपर एसचे, गाडी भलतीच

जुनी मिनी, त्यातही कूपर एस घ्यायचं मनात असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मी बर्मिंगहॅमला राहतो. आम्हाला ज्याने चुना लावला त्याच्या फाइलमध्ये एकही बनावट कागद नव्हता, आणि मुख्य सांगायचं आहे ते हेच. खोट्या सह्या, खोटे शिक्के शोधत बसलात तर काहीही हाती लागणार नाही.

हा धंदा मिनीतच इतका का चालतो, ते आधी सांगतो. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या मोटार कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अलेक इसिगोनिस यांना कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी करायला सांगितली, आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी जेमतेम दहा फूट लांबीची मिनी लोकांसमोर आली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स इंजिनाखाली तेलाच्या सम्पातच, चाकं दहा इंची, स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू. नवं इंजिन करायला ना वेळ होता ना पैसा, म्हणून कंपनीच्या इतर गाड्यांत चालणारं ए-सीरीज इंजिनच घेतलं. एकच गाडी ऑस्टिन आणि मॉरिस अशा दोन नावांनी विकली. जाळी आणि बिल्ला बदलला की झालं. १९६१ मध्ये रेसिंगवाले जॉन कूपर यांच्या नावाची कूपर आली, १९६३ मध्ये कूपर एस. याही वेळी पत्रा तोच, ताकद तेवढी वाढलेली. या एसने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही तीच पहिली आली होती, पण हेडलाइटचं कारण काढून तिला बाद केलं. इथले म्हातारे अजून त्यावरून तावातावाने बोलतात.

२००० च्या ऑक्टोबरमध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची जुनी मिनी बाहेर पडली, तोवर ५३ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या होत्या. त्यांतल्या साठच्या दशकातल्या कूपर एस फार थोड्या, आणि आज किंमत आहे ती त्यांनाच. साधी ८५० सीसीची मिनी आणि एस शेजारी उभ्या केल्या तर अनोळखी माणसाला फरक कळत नाही. एसचे बहुतेक सगळे भाग साध्या गाडीवर बसतात. बाकी काय होणार ते तुम्हीच ओळखा.

आमची गाडी जाहिरातीत '१९६५ ची ऑस्टिन कूपर एस, १२७५ सीसी' अशी होती. लाल रंग, काळं छत. विकणारा साठीच्या आसपासचा, बोलायला अगदी लाघवी. घरी बोलावून चहा दिला, बायकोला बागेतले गुलाब दाखवले. गाडी दिवंगत काकांची, तीस वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, आता आपलं वय झालं म्हणून 'चांगल्या घरी द्यायची' आहे, असं म्हणाला. जणू लेक द्यायची होती.

फाइल जाडजूड होती. व्ही-५-सी, म्हणजे इथलं आरसी बुक. जुनी बिलं. आणि गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळणारं हेरिटेज सर्टिफिकेट. कारखान्याच्या मूळ नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. अमुक चेसी नंबरची गाडी कधी तयार झाली, रंग कोणता होता, इंजिनाचा नंबर काय, कारखान्यातून कुठे गेली, हे सगळं त्यावर येतं. आमच्या सर्टिफिकेटवर चेसी नंबर सी-ए२एस७ ने सुरू होत होता. ऑस्टिन कूपरचा तो असाच सुरू होतो. साध्या ऑस्टिन मिनीचा ए-ए२एस७ ने, आणि मॉरिस कूपरचा के-ए२एस४ ने. रंगाच्या रकान्यात टार्टन रेड, काळं छत. बॉनेट उघडून नंबराची पट्टी पाहिली. नंबर अक्षर न् अक्षर जुळला.

आता इथे आपल्याकडच्यांनी थोडं थांबावं. पुण्यात किंवा कोल्हापुरात जुनी गाडी घेताना एजंट चेसीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतो आणि चेसी प्रिंट काढतो. नंबर पत्र्यातच पंच केलेला असतो, त्यामुळे त्यात फेरफार केला तर सहसा उघडा पडतो. साठच्या दशकातल्या मिनीत प्रिंट काढायला काही नाहीच. चेसी नंबर असतो तो एका पातळ पट्टीवर, आणि ती पट्टी बॉनेटखाली रिव्हेटने ठोकलेली. रिव्हेट ड्रिलने उडवले की पट्टी हातात येते. इंजिनाचा नंबरही असाच, ब्लॉकवर ठोकलेल्या छोट्या पट्टीवर. सडून गेलेल्या कूपर एसची पट्टी आणि कागद वेगळे काढून विकणारे लोक आहेत, आणि घेणारेही आहेत. म्हणजे सर्टिफिकेट सांगतं ते शंभर टक्के खरं: अशी एक गाडी कारखान्यातून निघाली होती. समोर उभी आहे ती हीच, एवढं मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. व्ही-५-सीवर तर छापलेलंच असतं की हा मालकीचा पुरावा नाही.

इंजिनही आम्ही पाहिलं होतं. खऱ्या १२७५ एसच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, अकरा ठिकाणी बोल्टने आवळलेलं असतं, दोन्ही टोकांना एकेक जादा. इतर १२७५ ना नऊ. आम्ही मोजले, अकरा भरले. पैसे बँकेतून थेट पाठवायचे, कार्ड नको, 'मी काय दुकानदार आहे का', असं तो हसत म्हणाला. गाडी घरी आली.

पावसात पायाखालचा गालिचा भिजायला लागला. फोन केला तर तो म्हणाला, "जुन्या मिनीत पाणी येतंच हो, सगळ्या जगाला ठाऊक आहे." हे अर्धसत्य फार धूर्त होतं. १९५९ च्या अगदी पहिल्या गाड्यांत गाडीच्या तळाच्या पत्र्याचा जोड उलटा बसला होता आणि पाणी खरोखरच आत यायचं. पण तो दोष लवकरच सुधारला. १९६५ च्या गाडीला ती सबब चालत नाही.

लाँगब्रिजमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले एक म्हातारबुवा आमच्या भागात अजून मिन्या दुरुस्त करतात. त्यांच्याकडे नेली. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली नाही की कागद मागितले नाहीत. जॅक लावला, टॉर्च घेऊन खाली गेले आणि सिलवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकत पुढून मागे सरकले. टण टण टण, आणि मग एकदम थप. तिथे अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून फासतात तो काळा थर, खरवडलं तर खाली पुट्टी, पुट्टीखाली जाळी, जाळीमागे काहीच नाही. मूळचा सिल अरुंद असतो. सडलेला सिल न कापता त्याच्यावरून रुंद ओव्हरसिल चढवून वेल्डिंग केलं की बाहेरून चकाचक दिसतं आणि आतला गंज आपलं काम करत राहतो. मागच्या सबफ्रेमला, म्हणजे मागची चाकं जिच्यावर बसतात त्या चौकटीला, ताजा काळा रंग होता. बुवांनी अंगठा दाबला तर रंगाचा पापुद्रा आणि तपकिरी भुगा एकदमच खाली पडला.

मग त्यांनी दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा घेतला आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या नळ्यांखाली धरला. मला म्हणाले, "बघा, काय दिसतं?" सपाट लोखंड दिसत होतं. खऱ्या एसच्या ब्लॉकला तिथे टॅपेटची (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) झाकणं असतात, बोल्टने बसवलेली. आमच्या ब्लॉकला ती नव्हतीच. हे इंजिन ऐंशीच्या दशकातल्या ऑस्टिन मेट्रो या गाडीचं होतं. त्या ब्लॉकमध्ये दोन जादा भोकं पाडून नवाचे अकरा करता येतात. अर्धवट माहितीचं गिऱ्हाईक काय मोजणार, हे त्या गुलाबवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा घाव रंगाचा. बुवांनी मागच्या सीटशेजारच्या कप्प्याचं अस्तर उचकटलं आणि तळाच्या कोपऱ्यात, जिथे स्प्रेची बंदूक पोचत नाही, तिथे नखाने खरवडलं. लालखाली हिरवा निघाला. मिनीचा आल्मंड ग्रीन, साध्या गाड्यांवर सर्रास असायचा तो. सर्टिफिकेट सांगत होतं, गाडी कारखान्यातूनच लाल निघाली.

"अंग बहुतेक साध्या ८५० चं," बुवा म्हणाले. "वाईट गाडी नाही. फक्त तुम्ही घेतलीत ती नाही." चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत त्यांनी.

आता कायद्याचं. इथे दुकानदाराकडून गाडी घेतली आणि ती सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या ३० दिवसांत ती परत करता येते. खासगी माणसाकडून घेतली तर हा हक्क नाही. वर्णन खोटं होतं एवढंच सिद्ध करत बसावं लागतं. म्हणूनच धंदेवाले खासगी माणसाचं सोंग घेतात. काका, बाग, गुलाब हे सगळं त्यासाठी. क्रेडिट कार्ड का नको होतं, तेही मग कळलं. धंदेवाल्याला थोडी रक्कम जरी कार्डाने दिली, तरी १०० ते ३०,००० पौंडांच्या व्यवहारात बँकही त्याच्याइतकीच जबाबदार ठरते.

सोंग उतरवलं ते बायकोने. जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना तिला एका एमजी मिजेटच्या मागे तीच विटांची भिंत आणि तेच गुलाब दिसले. मग दुसऱ्या नावाने टाकलेल्या एका मॉरिस मायनरच्या मागेही. हे फोटो, बुवांचा लेखी अहवाल आणि हिरव्या रंगाचे फोटो जोडून वकिलाचं पत्र गेलं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार केली, वाहन नोंदणी खात्यालाही कळवलं. बरीच कुरकुर करून त्याने गाडी परत नेली आणि बहुतेक रक्कम आली. वकिलाची फी आणि काही हजार पौंड गेले ते गेलेच.

जाता जाता आणखी एक. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फारशी फेरफार न झालेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, बंधनकारक राहिलेली नाही. त्यामुळे सडलेल्या सिलवर नजर टाकणारं तिसरं माणूस उरलं नाही. पण स्वखुशीने तपासणी करून घेता येते. विकणाऱ्याला सांगा, ताजी एमओटी करून दे, खर्च मी देतो. का कू करू लागला तर चहा पिऊन निघा. २००५ नंतरच्या तपासण्यांची नोंद नंबर टाकून फुकट पाहता येते. आमच्या नंबरावर एकही नोंद नव्हती. काकांच्या गॅरेजच्या गोष्टीत ते चपखल बसलं, पण खरी गाडी कधीच भंगारात गेली असेल तरी नोंद अशीच कोरी दिसेल.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे तीच गाडी पुन्हा बाजारात आली आहे. वर्णन तेच, १९६५ ची कूपर एस. पण छत आता पांढरं केलंय आणि भिंतीऐवजी मागे शेताचं फाटक आहे. काकांची आता आत्या झाली आहे. बघायला गेलात तर उजव्या बाजूच्या मागच्या कप्प्याचं अस्तर उचला. बुवांच्या नखाचा ओरखडा बुजवला नसेल तर तळाच्या कोपऱ्यात हिरवा दिसेल. बुजवला असेल तर आरसा सोबत ठेवा. इंजिन बदलायचा खर्च तो करणाऱ्यातला नाही.