ईबो-टीसीपी: काही महिने नेमाने वापरल्यावर

जुन्या इंग्रजी पुस्तकांवर काम करायचंय, पण मोठ्या विद्यापीठाची महागडी वर्गणी हाताशी नाही, अशांसाठी हा अनुभव लिहितेय. ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’, म्हणजे ईबो, हा पैसे भरणाऱ्या ग्रंथालयांचा संग्रह आहे. १७०० पर्यंतच्या छापील पुस्तकांच्या पानांची चित्रं त्यात आहेत. त्यांतल्या साठ हजारांच्या आसपास पुस्तकांचा मजकूर ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ने, म्हणजे टीसीपीने, माणसांकडून टाइप करून घेतला आणि तो आता कुणालाही फुकट वाचता येतो. पहिला टप्पा जानेवारी २०१५ मध्ये खुला झाला, दुसरा २०२० मध्ये. मी वापरते तो हा मजकूर, बहुतेकदा मिशिगन विद्यापीठाच्या साइटवरून.

टाइप करून घेतला हे महत्त्वाचं. ब्लॅकलेटर, म्हणजे जुन्या जाड टोकदार अक्षरांची छपाई, पलीकडच्या पानावरून उमटलेली शाई, शिवणीत गेलेल्या ओळी, यांपुढे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर, हात टेकतं. इथे प्रत्येक पान दोनदा टाइप करून ताडून पाहायचं आणि वीस हजार अक्षरांमागे एकापेक्षा जास्त चूक खपवून घ्यायची नाही, असा दंडक होता. वाचता न आलेलं अक्षर अंदाजाने भरायचं नाही, तिथे काळा ठिपका ठेवायचा. काही पानं या ठिपक्यांनी देवीच्या व्रणांसारखी भरलेली दिसतात, पण मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

शोधयंत्राची खरी परीक्षा घ्यायची तर आपल्या माणसापासून सुरुवात करा. ‘ख्रिस्तपुराण’वाले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्याला आले आणि त्याच नोव्हेंबरात त्यांनी इंग्लंडमधल्या वडिलांना प्रवासाचं सविस्तर पत्र लिहिलं. रिचर्ड हॅक्लूटने ते आपल्या प्रवाससंग्रहात छापलं. आजच्या स्पेलिंगने ते हाती लागत नाही, कारण तिथे आडनाव ‘स्टीव्हन्स’ आहे आणि त्यातल्या व्हीच्या जागी यू छापलेला आहे. शब्दाच्या सुरुवातीला व्ही, मध्ये कुठेही यू, उच्चार काहीही असो, ही त्या काळच्या छापखान्यांची रीत. टीसीपीने ती जशीच्या तशी ठेवलीय, आयच्या जागी जे केलेला नाही. एफसारखा दिसणारा जुना लांब एस मात्र साध्या एसमध्ये बदललाय. हे एकदा अंगवळणी पडलं की शोध झरझर चालतो. ज्यांना ही कटकट नको त्यांनी अर्लीप्रिंट ही साइट पाहावी. हाच मजकूर तिथे आधुनिक स्पेलिंगनेही शोधता येतो.

पत्र वाचण्यासारखं आहे. खलाशांच्या हिरड्या सुजतात, पाय सुजतात. पूर्व-पश्चिम जाताना आकाशात धरून चालायला एकही स्थिर बिंदू नसतो, म्हणून जहाज हाकणं अवघड होतं, हे ते वडिलांना समजावून सांगतात. गंमत अशी की घरी धाडलेलं हे पत्र छापलं जाऊन टिकलं, आणि ज्यावर त्यांचं नाव उभं आहे ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा, तरी त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते आपल्यापर्यंत पोचलं हस्तलिखितांमुळे. त्यांपैकी एक देवनागरी हस्तलिखित लंडनला मार्सडेन संग्रहात आहे.

टीसीपीची मर्यादा नेमकी इथेच. छापलेलं तेवढंच तिला दिसतं. जॉन डनच्या कविता त्याच्या हयातीत मुख्यतः हाताने उतरवून फिरत होत्या. संग्रह छापला गेला १६३३ मध्ये, तो वारल्यावर दोन वर्षांनी. नुसत्या टीसीपीच्या भरवशावर राहिलं तर १६१० सालच्या लंडनमध्ये डन हा कवी जवळजवळ नव्हताच असं वाटेल. त्यासाठी पीटर बील यांची इंग्रजी साहित्यिक हस्तलिखितांची सूची हवी. तीही फुकट आहे.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. पडद्यावर दिसतो तो एका विशिष्ट प्रतीचा मजकूर, आणि आपण त्याला आवृत्ती समजून बसतो. त्या काळी छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत. कागद महाग, त्यामुळे चुकीचे तावही बांधणीत जात. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती म्हणूनच तंतोतंत जुळतील याची खात्री नाही. चार्ल्टन हिनमन यांनी शेक्सपिअरच्या १६२३ च्या फर्स्ट फोलिओच्या, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहाच्या, पन्नासहून अधिक प्रती पानापानाने ताडून पाहिल्या, ते यासाठीच. १६०३ च्या ‘हॅम्लेट’च्या तर दोनच प्रती उरल्यात: एकीला शीर्षकाचं पान नाही, दुसरीला शेवटचं पान. दोन्ही जोडल्याशिवाय पुस्तक पुरं होत नाही.

त्यात ईबोची चित्रं आली आहेत ती मुख्यतः मायक्रोफिल्मवरून. यूजीन पॉवर यांनी हे चित्रण १९३० च्या दशकात सुरू केलं. काळंपांढरं असल्याने तांबडी शाई कळत नाही, पुस्तक तळहाताएवढं की टेबलभर हे जाणवत नाही. टाइप केलेल्या मजकुरात तर वाचकांनी समासात हाताने लिहिलेलं काहीच नाही. फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररीतल्या फर्स्ट फोलिओच्या समासात कुणीतरी बारीक नोंदी केलेल्या आहेत. क्लेअर बॉर्न यांनी त्यांवर लेख लिहिला. २०१९ मध्ये त्यातली छायाचित्रं पाहून जेसन स्कॉट-वॉरन यांनी ते हस्ताक्षर कवी जॉन मिल्टनचं असल्याचं सुचवलं. शेक्सपिअर वाचणारा मिल्टन! साठ हजार पुस्तकं शब्दन्‌शब्द चाळली तरी हा शोध टीसीपीत लागला नसता.

म्हणून आता माझी पद्धत ठरलीय. शब्द, वाक्प्रचार, कोण कुणाला उद्धृत करतं, हे टीसीपीवर. मुद्दा एखाद्या स्वल्पविरामावर किंवा समासावर टेकणार असेल तर त्या प्रतीचे रंगीत फोटो. वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीचे उत्तम आहेत. सेक्रेटरी हँड, म्हणजे त्या काळच्या हस्ताक्षराचं वळण, वाचायला शिकायचं असेल तर केंब्रिजचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. त्यातला उलटा ई आणि आरसारखा दिसणारा सी सुरुवातीला डोकं उठवतात.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी टीसीपी बिनधास्त वापरावं. नुसता मजकूर असल्याने पान मोबाइल डेटावरही चटकन उघडतं, आणि अख्खं पुस्तक एक्सएमएलमध्ये उतरवूनही घेता येतं. फक्त प्रबंधात संदर्भ देताना वर्षाबरोबर ती प्रत कोणत्या ग्रंथालयातली, तेही टिपून ठेवा. नोंदीत ते बहुधा दिलेलं असतं.