कामावर इजा: विनादोष भरपाई की कोर्टात दावा?

यंत्रात बोटं सापडली, आणि यंत्राचं संरक्षक झाकण कामगारानेच काढून ठेवलं होतं. भरपाई मिळेल का? ते कोणती वाट धरता यावर आहे.

विनादोष भरपाईत, जिचा पाया जर्मनीने १८८४ च्या अपघात विमा कायद्याने घातला, चूक कोणाची हे सहसा विचारतच नाहीत. इजा कामामुळे झाली एवढं दाखवायचं. स्वतःची हयगय बहुधा आड येत नाही. मुद्दाम करून घेतलेली इजा किंवा नशा मात्र येऊ शकते; भारतासारख्या काही ठिकाणी संरक्षक झाकण जाणूनबुजून काढणंही. पैसे ठरलेल्या हिशेबाने: उपचार, बुडालेल्या पगाराचा काही भाग. वेदनेचं मोल साधारणपणे शून्य.

दिवाणी दाव्यात तेही मागता येतं, पण मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि तुमची चूकही तराजूत पडते. नुकसान १० लाखांचं, तुमचा दोष ३० टक्के, तर हाती ७ लाख. हे त्यातल्या त्यात बरं! इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्यापूर्वी थोडासा दोषही अख्खा दावा बुडवू शकत असे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आजही दोष निम्म्यावर गेला की हात रिकामे.

शिवाय दोन्ही वाटा नेहमी खुल्या नसतात. बऱ्याच ठिकाणी भरपाई योजना लागू असली की मालकावर दावा करता येत नाही. यंत्र बनवणाऱ्यावर मात्र येऊ शकतो.

झाकण स्वतःच्या मर्जीने काढलं असेल आणि तिथला कायदा त्यावरून भरपाई नाकारत नसेल, तर मी पहिलीच वाट सुचवेन. काम उरकायला मुकादमानेच काढायला लावलं असेल आणि साक्षीदार असतील, तर आधी वकील गाठा.